गोळीच्या मागे कोण उभं आहे?

काशीच्या अहिल्याबाई घाटावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेला शीतला घाट, त्याला लागून दशाश्वमेध. तिथल्या गंगाआरतीची गर्दी पायरी पायरी करत इकडे सरकत येते. वर होळकरांच्या वाड्याची उंच दगडी भिंत, खाली एकमेकींना खेटून लागलेल्या नावा आणि नावांतही माणसंच माणसं. फुलांचे द्रोण विकणाऱ्या पोरी, मुंडण करून आलेली मुलं, यात्रा कंपनीच्या बसमधून आलेल्या आपल्याकडच्या नऊवारीतल्या आज्या. या जागेला पूर्वी केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी इथे पक्का घाट बांधला आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आत्मरक्षणासाठी पिस्तूल या विषयावर लिहिताना हीच जागा समोर ठेवावी असं मला वाटलं, त्याला कारण आहे. पिस्तूल शिकवणारा कुठलाही जबाबदार उस्ताद आधी चार नियम घोकून घेतो. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि चौथा नियम, कोणावर गोळी झाडताय आणि त्याच्या मागे कोण उभं आहे, हे ओळखल्याशिवाय चाप ओढू नका. पहिले तीन नियम घरच्या खोलीतही पाळता येतात. चौथ्याचा कस लागतो तो अशा घाटावर. इथे कुठल्याही दिशेला नळी करा, मागे कोणीतरी असतंच. पिस्तुलाची गोळी शेकडो मीटर जाते. चुकलेली गोळी पाण्यात पडेल या भरवशावर कोणी राहू नये, कारण पाण्यावर नावा आहेत.

या भागाने भीती पाहिलेली आहे. ७ डिसेंबर २०१० च्या संध्याकाळी शेजारच्या शीतला घाटावर आरती चालू असतानाच बॉम्बस्फोट झाला. एका लहान मुलीचा जीव गेला, कितीतरी लोक जखमी झाले. अशा घटनांनंतर ‘आपल्याजवळ काहीतरी असायला हवं’ असं माणसाला वाटतं आणि ते वाटणं खोटं नाही. पण तो बॉम्ब एका डब्यात ठेवलेला होता. घाटावरच्या प्रत्येक माणसाच्या कमरेला पिस्तूल असतं तरी त्या मुलीला वाचवता आलं नसतं. आपल्यावर येऊ शकणारी संकटं कोणती आणि त्यांतल्या किती थोड्या संकटांना गोळी हे उत्तर आहे, हे ओळखण्यापासून शिक्षण सुरू व्हायला हवं.

शस्त्राच्या बाबतीत उत्तर प्रदेशाचं गणितच वेगळं आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले. महाराष्ट्रातला आकडा ८४ हजारांच्या आसपास होता. तिकडे परवाना हा प्रतिष्ठेचाही भाग असतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायचे आणि ती गोळी गच्चीवरून वरात पाहणाऱ्या एखाद्या मुलाला लागायची, अशा बातम्या इतक्या वेळा आल्या की २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूद करावी लागली.

सामान्य नागरिकाला मिळतं ते बहुतेक वेळा बत्तीस बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. ९ मिलिमीटरचं पिस्तूल पोलीस आणि लष्करासाठी राखीव बोअरमध्ये मोडतं. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा चर्चा झाली ती किमतीची, वजनाची आणि खोक्याची. ते हातात घेणाऱ्या बाईने किती महिने, कुठे आणि कोणाकडे शिकायचं, हा प्रश्न कोणी विचारल्याचं आठवत नाही. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न तोच आहे.

तो नीट समजून घ्यायचा तर काशीतच शिकलेल्या एका मराठी मुलाकडे जावं लागतं.

शिवराम हरी राजगुरू. जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे आजचं राजगुरुनगर. शाळकरी वयात घर सोडून हा मुलगा संस्कृत शिकायला काशीला आला. व्याकरण आणि न्याय घोकता घोकता त्याला व्यायामाचं आणि लाठीचं वेड लागलं. पुढे तो एका म्युनिसिपल शाळेत मुलांना ड्रिल शिकवत असे. याच शहरात तो चंद्रशेखर आझादांच्या क्रांतिकारक पक्षात ओढला गेला. आझादही काशीला संस्कृत शिकायलाच आले होते. पक्षात राजगुरूंचं टोपणनाव रघुनाथ आणि ख्याती अचूक नेमबाजाची.

त्या काळात पिस्तूल शिकणं म्हणजे काय होतं, याचा विचार केला की आजच्या शिकाऊ माणसाला थोडं खजील व्हायला होईल. काडतुसं चोरून, लपवून, उधारीवर मिळायची. एकेक काडतूस मोजून ठेवलेलं. सरावाला मैदान नाही, आवाज झाला तर पोलीस. काकोरीच्या रेल्वेलुटीनंतर आझाद झाशीजवळ ओरछ्याच्या जंगलात साधूच्या वेषात राहिले आणि तिथे त्यांनी साथीदारांना नेमबाजी शिकवली. त्यांत भगवानदास माहौर होते आणि सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन हे मराठी तरुणही होते. गोळी जपून वापरायची तर उरतो तो रिकाम्या शस्त्राचा सराव, हाताची ताकद आणि डोकं शांत ठेवण्याची सवय.

त्यांच्याही आधी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गाळ्यात नियमाने जात. १ जुलै १९०९ च्या संध्याकाळी त्यांनी तिथे अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या आणि अकरा बसल्या, असं गाळ्याच्या मालकाने कोर्टात सांगितलं. त्याच रात्री त्यांच्या गोळ्यांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायली मारला गेला. त्याच वर्षी सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या सामानात लपवून पाठवली. त्यांतल्या एकाने २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.

हे सगळे ठरवून केलेले वध होते. परक्या सत्तेशी पुकारलेल्या लढ्यातले ते प्रहार. त्यांना आत्मरक्षण म्हणणं त्या माणसांनाही आवडलं नसतं आणि आज कोणी त्यांचं नाव घेऊन स्वतःच्या कमरेला पिस्तूल लावत असेल तर तो त्यांचाही अपमान आहे. मी त्यांच्याकडे येतो तो तंत्र शिकायला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तंत्र कुठे अपुरं पडतं ते शिकायला.

१७ डिसेंबर १९२८, लाहोर. लाला लजपतराय यांच्यावरच्या लाठीमाराला जबाबदार पोलीस अधीक्षक स्कॉट बाहेर पडला की इशारा करायचं काम जयगोपालकडे होतं. मोटारसायकलजवळ एक गोरा अधिकारी आला, इशारा झाला, राजगुरूंनी पहिली गोळी झाडली आणि ती अचूक लागली. पाठोपाठ भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. पण तो स्कॉट नव्हता, साँडर्स होता. पाठलागावर आलेला हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीला बळी पडला. काशीच्या या उत्तम नेमबाजाचा नेम तसूभरही चुकला नव्हता, चूक झाली होती ओळखण्यात. दुसऱ्या दिवशी लाहोरच्या भिंतींवर लागलेल्या पत्रकात एका माणसाचा जीव घ्यावा लागला याबद्दल खेद व्यक्त केलेला आहे. पिस्तूल शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा प्रसंग सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

याच जयगोपालची पुढची गोष्ट खानदेशात घडली. तो माफीचा साक्षीदार झाला. माहौर आणि मलकापूरकर १९२९ च्या सप्टेंबरमध्ये भुसावळ स्टेशनवर पकडले गेले होते. १९३० च्या फेब्रुवारीत जळगावच्या कोर्टात जयगोपाल आणि फणींद्र घोष साक्षीसाठी आले, तेव्हा चोरून तुरुंगात पोचवलेल्या पिस्तुलाने माहौरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अंतर एका कोर्टाच्या खोलीइतकं. झाडणारा आझादांनी तयार केलेला. जयगोपाल जखमी झाला, पण दोघेही साक्षीदार वाचले. ओरछ्याच्या जंगलात शांतपणे धरलेला नेम वेगळा आणि भोवती पोलीस, छाती धडधडतेय, एकाच क्षणाची संधी आहे, तिथला नेम वेगळा.

हे फक्त त्या काळाचं नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून उलट गोळीबार होत असताना तिथल्या पोलिसांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागल्या होत्या. समोरून गोळी येत नसतानाही तीसच. हे पगारी, गणवेशातले, दरवर्षी परीक्षा देणारे लोक. उरलेल्या ब्याऐंशी गोळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न अहिल्याबाई घाटावर उभं राहून विचारला की अंगावर काटा येतो.

मग परिणामकारक शिक्षण कसं असतं?

त्याचा मोठा भाग आवाजाशिवाय होतो. खोलीत एकही काडतूस ठेवायचं नाही, दुसऱ्या खोलीत कुलपात टाकायचं. मॅगझिन बाहेर काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि मग करंगळीने चाचपायचं. समोर अशी भिंत हवी की जिच्या पलीकडे माणसाचा वावर नाही. पिस्तूल मुठीत इतकं वर धरायचं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मागच्या उंचवट्याखाली घट्ट बसेल. मुठीवर रिकामी राहिलेली जागा दुसऱ्या हाताचा तळवा भरून काढतो. तर्जनी नळीच्या कडेने सरळ. मागच्या साइटच्या खाचेत पुढच्या साइटचं टोक, दोन्हीकडे सारखी फट, माथा एका पातळीत. नजर त्या टोकावर, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. आता तर्जनीच्या पहिल्या पेराने चाप सरळ मागे दाबत न्यायचा. घाईने हिसका दिला तर ‘टक’ वाजताना टोक खाली दबलेलं दिसतं, म्हणजे खरी गोळी खाली गेली असती. स्लाइडवर रुपयाचं नाणं ठेवून ते न पाडता चाप दाबता येईपर्यंत हे रोज दहा-पंधरा मिनिटं करायचं. जुने-नवे सगळेच नेमबाज हे करतात. कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१८ साली आशियाई सुवर्ण जिंकली, तिच्याही यशाच्या तळाशी हाच रोजचा रियाज असतो.

प्रत्यक्ष रेंजवर सर्वांत आधी सापडणारा दोष म्हणजे दचकणं. आवाजाच्या अपेक्षेने हात आधीच आवळतो. उस्ताद काय करतो, शिकणाऱ्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी काडतूस मिसळतो. खरी समजून चाप ओढला, गोळी सुटलीच नाही, पण नळी मात्र खाली झुकली. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मग काडतूस अडकणं. मॅगझिन खालून ठोकायचं, स्लाइड पूर्ण ओढून सोडायची, पुन्हा नेम. अंधारात, एका हाताने, घाबरलेल्या अवस्थेत हे हातांना आपोआप जमलं पाहिजे.

यापुढे खेळाची नेमबाजी आणि जीव वाचवण्याची नेमबाजी यांच्या वाटा वेगळ्या होतात. खेळात लक्ष्य तुमच्या अंगावर धावून येत नाही. शांघायच्या म्युनिसिपल पोलीस दलात शीख शिपाई मोठ्या संख्येने होते. त्या दलातल्या फेअरबेर्न आणि साइक्स या अधिकाऱ्यांनी सहाशेहून अधिक चकमकी अभ्यासल्या आणि १९४२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की गाठ पडते ती काही पावलांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात आणि अचानक. म्हणून त्यांनी शिकवण्यासाठी एक अंधारी वास्तू उभारली. जिने, आवाज, अवचित उभे राहणारे पुतळे, त्यांतले काही निरपराध. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या टुलर या पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं की हातात सुरा घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्यानातलं पिस्तूल बाहेर येऊन नेम लागायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे आधी शिकायचं ते बाजूला सरकणं, आडोसा घेणं, दार लावून घेणं, ओरडणं, पळणं आणि पोलिसांना कळवणं. ज्या वर्गात पळायला शिकवत नाहीत तिथे फी भरू नये.

आझादांचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. २७ फेब्रुवारी १९३१, अलाहाबादचं आल्फ्रेड पार्क. बरोबर सुखदेवराज. पोलिसांनी घेरल्यावर आझादांनी झाडाचा आडोसा घेतला, नॉट-बॉवर आणि विश्वेश्वरसिंग या दोन अधिकाऱ्यांना जखमी करून जागीच खिळवून ठेवलं आणि त्या अवधीत साथीदाराला बाहेर काढलं. त्यांचं बत्तीस बोअरचं कोल्ट पिस्तूल आज अलाहाबाद संग्रहालयात आहे. त्याच बोअरचं भगतसिंगांचं कोल्ट कित्येक वर्षं इंदूरला, अहिल्याबाईंच्या होळकरांच्या शहरात, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेत इतर पिस्तुलांमध्ये पडून होतं. त्यावरचा क्रमांक ओळखला गेला आणि २०१७ मध्ये ते पंजाबातल्या हुसैनीवाल्याला नेलं. आपल्या परवान्यावर आज मिळतं तेही बत्तीसच. हत्यार जवळपास तेच आहे, त्यामागची वर्षांची तयारी मात्र दुकानात मिळत नाही.

ज्यांच्या नावाने हा घाट आहे त्यांच्या एका प्रसंगाबद्दलही सांगायला हवं. मुलगा मालेराव यांच्या मृत्यूनंतर राघोबादादा फौज घेऊन माळव्यावर चालून आले, तेव्हा अहिल्याबाईंनी स्त्रियांची पलटण उभी केली आणि दादांना निरोप धाडला की बायकांकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दादा सांत्वनाला आल्याचं सांगून परत फिरले, अशी ही परंपरागत कथा. इथे मला महत्त्वाची वाटते ती क्रमवारी. आधी सराव केलेल्या बायका, मग निरोप. नुसत्या निरोपाने राघोबादादा वळले नसते. आणि तयारी खरी असल्यामुळेच एकही गोळी झाडावी लागली नाही.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं बचावाच्या हक्काची. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचाही हक्क नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशी भीती खरोखर समोर उभी असेल तर समोरच्याचा जीव जाईल इथपर्यंत हा हक्क पोचतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. दर्शनसिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं सविस्तर मांडली. प्राणसंकटातल्या माणसाने प्रतिकाराचं माप बारीक तराजूत तोलावं अशी अपेक्षा न्यायालय धरत नाही, पण सूड घेणाऱ्याला हा हक्क मिळत नाही.

कलम ४४ मला सर्वांत अस्वस्थ करतं. जमाव जिवावर उठलाय, जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत आणि गोळी झाडल्याशिवाय जीव वाचत नाही, अशा वेळी एखाद्या मुलाला गोळी लागली तरी गुन्हा होत नाही, असं उदाहरणच कायद्यात दिलेलं आहे. कायद्याने माफ केलं म्हणून त्या मुलाचा बाप माफ करेल का? आणि आपण स्वतःला करू का? हा विचार शिकणाऱ्याच्या मनात पिस्तूल हाती घेण्याआधी यायला हवा, कारण त्या दीड सेकंदात तो येणार नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं. पण प्रमाणपत्र एकदा मिळालं की माणूस तयार झाला असं होत नाही. न वापरलेला हात काही महिन्यांत विसरतो. परवाना आता पाच वर्षांचा असतो. पाच वर्षं ज्याने एकदाही रेंजवर पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेचं पिस्तूल गर्दीतल्या प्रत्येकासाठी धोका आहे, आणि घरातल्या मुलांसाठी त्याहून अधिक.

ज्या वाचकांच्या मनात परवान्याचा विचार आहे त्यांना माझी विनंती आहे. आधी वर्षभर एअर पिस्तूल शिका. साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि चापाचं शिक्षण त्यावर पूर्ण होतं. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला, कोल्हापुरात चांगल्या रेंज आहेत. त्या वर्षात न्याय संहितेची ती अकरा कलमं एखाद्या वकिलाबरोबर बसून वाचा. घरात कुलपाचं लोखंडी कपाट बसवा. एवढं करूनही गरज वाटली तर अर्ज करा. आणि सरकारकडे एक मागणी आपण सर्वांनी लावून धरावी. दर पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करताना परवानाधारकाची रेंजवर प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी आणि तिच्यात गोळी झाडू नये असे प्रसंगही ठेवावेत. ज्याला तिथे हात आवरता येणार नाही, त्याचा परवाना रद्द व्हावा.